तळटीप : चित्र ‘फाटते’ म्हणजे काय

* कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी असलेल्या कोंडाणे लेण्यांत दुपारी फोटो काढला, की बाहेरचे ऊन लख्ख येते आणि चैत्यगृहातला स्तूप काळोखात बुडतो. ८ बिटच्या जेपेग फाइलमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जेमतेम २५६ पायऱ्या. त्यांतल्या वीसएक स्तूपाच्या वाट्याला आल्या आणि ‘कर्व्हज’ या उजेड-अंधार बदलण्याच्या साधनाने त्या साठांच्या जागेत ताणल्या, तर मधल्या छटा येणार कुठून? हिस्टोग्रामला (छटांच्या आलेखाला) फटी पडतात, दगडाच्या गोलाईवर पट्टे उमटतात, जेपेगचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन उघडे पडतात; चित्र ‘फाटते’ ते असे. रंगीत चित्रात यातले बरेच खपून जाते, कृष्णधवलात लपायला रंगच नाही. पावसाळी आभाळाचे तर विचारूच नये. मूळ लेखाचे लेखक १६ बिटमध्ये (६५,५३६ पायऱ्या) काम करायला सांगतात, ते योग्यच. पण ८ बिटची फाइल मागाहून १६ मध्ये नेली म्हणून गेलेल्या छटा परत येत नाहीत. टिपतानाच १२ किंवा १४ बिटची रॉ फाइल घ्यावी, आणि उजेड-अंधाराचे सगळे फेरफार उरकूनच जेपेग करावी. स्तूप फार उजळूच नये, असे आमचे मत. लेण्यात तो अंधुकच दिसतो. – सं.