एका नावाचा वाद

१९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात देशातील पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले. पुढे मूत्रपिंडांचा बाजार मांडला गेला. तो रोखण्यासाठी संसदेने १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा केला. विषय राज्यांचा; म्हणून महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश यांच्या विधिमंडळांनी ठराव करून संसदेला तो अधिकार दिला होता. दाता कोण, नाते कोणते, पैसे दिले-घेतले का, याची चौकशी कायद्याने बारकाईने लावली. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला ग्रासणारे जंतू हे त्याचे प्रयोजनच नव्हते.

परका अवयव शरीराने नाकारू नये म्हणून या रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी आयुष्यभर दाबून ठेवावी लागते. धडधाकट माणूस सहज झटकून टाकतो तो जंतूही त्याच्या जिवावर उठतो. त्याची सारी भिस्त प्रतिजैविकांवर.

ऑगस्ट २०१० मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये एक शोधनिबंध आला. कार्बापेनेम या राखीव प्रतिजैविकांनाही निकामी करणारे एन्झाइम भारत, पाकिस्तान व ब्रिटनमधील रुग्णांच्या जंतूंत आढळले होते. २९ ब्रिटिश रुग्णांपैकी किमान १७ जण वर्षभरात भारत वा पाकिस्तानात येऊन गेलेले, त्यांतले १४ इथल्या रुग्णालयांत राहिलेले. दाखल होण्याच्या कारणांत मूत्रपिंड व अस्थिमज्जा प्रत्यारोपणही होते. एन्झाइमचे नाव ‘न्यू डेल्ही’ने सुरू होत होते, आणि दिल्लीत गदारोळ उठला तो त्या नावावरून! मंत्रालयाने जाहीर हरकत घेतली. राजधानीच्या नावाचा संताप मला समजतो; पण नाव बदलल्याने जंतू बदलत नाही, हे फाइलवर लिहायला कोणी धजले असते का, याची मला शंका आहे.

तरीही काम झाले. सर्वांत प्रभावी प्रतिजैविके केवळ मोठ्या रुग्णालयांतच मिळावीत, असा ‘एचएक्स’ अनुसूचीचा प्रस्ताव २०११ साली आला आणि विरोधापुढे बारगळला. उरली ती ‘एच-१’ अनुसूची, १ मार्च २०१४ पासून लागू: औषधविक्रेत्याने डॉक्टरचे व रुग्णाचे नाव, औषध आणि त्याची मात्रा नोंदवहीत लिहावी, वही तीन वर्षे जपावी. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. सर्दीला प्रतिजैविक विकणारा आणि घेणारा दोघेही खूश, किंमत मोजतो तिसराच. अशा व्यवहाराला वहीचा धाक कितपत पुरणार?

कार्बापेनेम हरले की उरते कोलिस्टिन. मूत्रपिंडाला इजा करते म्हणून डॉक्टरांनी दशकांपूर्वी बाजूला सारलेले हे औषध कोंबड्यांच्या खाद्यात मात्र सर्रास मिसळले जाई. जुलै २०१९ मध्ये केंद्राने अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याच्या वापरावर बंदी घातली. नवे मूत्रपिंड बसवलेल्या रुग्णाला ते देण्याची वेळ आली, तर जंतूबरोबर ते मूत्रपिंडही पणाला लागते.