भोसले जनरल झाले, तेव्हा आमची भरती बंद होती

महाप्याला आमच्या मिलच्या गेटवर हवालदारमामा बसतात. महार रेजिमेंटमधून रिटायर झालेले. परवा रात्रपाळीत चहाच्या वेळी त्यांनी मला विचारलं, "तू लिव्हतोस ना रे? मग सांग, फौजेतला मराठी माणूस दिल्लीत मंत्री झालाय का?"

म्हटलं, झालाय. जगन्नाथराव भोसले.

"मग आपला का नाय?"

या दुसऱ्या सवालापायी हे लिहायला बसलो.

भोसले १९०६ सालचे, सावंतवाडी संस्थानातल्या तिरोड्याचे. डेहराडूनची लष्करी शाळा, मग विलायतेतलं सँडहर्स्ट, नि १९२८ला अधिकारी. फेब्रुवारी १९४२मध्ये सिंगापूर पडलं तेव्हा लेफ्टनंट कर्नल होते, जपान्यांच्या हाती सापडले. तिथून आझाद हिंद फौज. २१ ऑक्टोबर १९४३ला नेताजींनी हंगामी सरकार जाहीर केलं, त्यात फौजेचे प्रतिनिधी म्हणून भोसले होते. पुढं मेजर जनरल.

या फौजेची एक गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. इंग्रजांच्या पलटणींत धर्म-जातीगणिक चुली वेगळ्या. आझाद हिंदमध्ये चूल एक. पंगतीतनं ज्याला उठवलंय त्यालाच याची किंमत कळेल.

स्वातंत्र्य आलं, पण या लोकांना लष्करात परत घेतलं नाही. भोसले १९५२ला काँग्रेसकडून रत्नागिरी जिल्ह्यातून लोकसभेत गेले आणि नेहरूंनी त्यांना पुनर्वसन खात्याचं उपमंत्री केलं. १९५४पासून त्यांनी निर्वासितांच्या पोरांना कवायत नि शिस्त शिकवायची योजना काढली. १९६३ला वारले. माणूस कामाचा होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आता आमचं बघा. कोरेगावच्या खांबावर आमची नावं आहेत. सुभेदार रामजी सकपाळ पलटणीच्या शाळेत हेडमास्तर होते. बाबासाहेबांचं आजोळ मुरबाडचं, म्हंजे आमच्या ठाणे जिल्ह्यातलंच, तेही फौजी घर. भीमराव १८९१ला महूच्या छावणीत जन्मले. ते पाळण्यातून उतरतात न उतरतात तोच इंग्रजांनी 'लढाऊ जाती'चं खूळ काढून महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी, शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्ज केले. कागद गेले, दार उघडलं नाही. महायुद्धात माणसं कमी पडली तवा १९१७ला १११ महार पलटण उभी केली, आणि १९२१ला मोडली. भोसल्यांच्या खांद्यावर चांदणी चढली त्या १९२८ साली अख्ख्या हिंदी लष्करात महारांची एकही पलटण नव्हती. मग आमचा जनरल कुठून यायचा? महार रेजिमेंट बेळगावात उभी राहिली ती १९४१ला, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर बसले त्या वर्षी.

तरी मामा, मंत्री झालाच. १९१३ला बडोद्याच्या सैन्यात काही दिवस लेफ्टनंट असलेला सुभेदाराचा पोरगा १९४२ला मजूरमंत्री, १९४७ला कायदेमंत्री. डिसेंबर १९४७मध्ये त्यानं नेहरूंना पत्र लिहिलं की पाकिस्तानातल्या अस्पृश्यांना भंगीकामासाठी अडवून ठेवलंय, आणि जे इकडं आलेत त्यांना पूर्व पंजाबात जमीन मिळत नाही. पुनर्वसनाचा खरा सवाल हा होता, कवायतीच्या आधीचा. नव्या मुंबईत तो वेगळा सांगायला नको. इथं साडेबारा टक्के मोजले ते गेलेल्या जमिनीच्या मापानं. ज्याची जमीनच नव्हती त्याचं माप कशानं काढायचं?

त्याच १९५२च्या निवडणुकीत भोसले निवडून आले आणि मुंबईत बाबासाहेब पडले. १९५१लाच त्यांनी मंत्रिपद सोडलं होतं.

हे सगळं मामांना वाचून दाखवलं. ते १९२८वर अडले. म्हणाले, "माझा आजा त्या साली विशीत होता. उंचीत बसला असता रे."

मग भोंगा झाला. मामा टोपी घालून गेट उघडायला उठले.