पक्षाघातानंतर मेंदूतील जोडण्या आणि हालचालींचे पुनरुज्जीवन

मेंदूचा रक्तपुरवठा अचानक खंडित झाल्यास किंवा मेंदूत रक्तस्राव झाल्यास पक्षाघाताचा झटका येतो. हालचालींचे नियंत्रण करणारे बहुतेक चेतातंतू मेंदूच्या तळाशी बाजू बदलतात. त्यामुळे डाव्या अर्धगोलाला इजा झाल्यास उजवा हात-पाय लुळा पडतो. मात्र, गेलेली शक्ती किती परत येईल, हे केवळ मृत पेशींवर अवलंबून नसते. शाबूत भागांतील जोडण्या कितपत टिकल्या, यालाही महत्त्व असते.

एका जागी झालेल्या इजेने तिच्याशी जोडलेले दूरचे भागही मंदावतात, ही संकल्पना कॉन्स्टँटिन फॉन मोनाकोव यांनी १९१४ मध्ये मांडली. व्यक्ती स्वस्थ पडून असतानाही दोन्ही अर्धगोलांतील हालचालींच्या केंद्रांचे संकेत एकाच लयीत वरखाली होतात, हे भरत बिस्वाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९९५ मध्ये एमआरआय तंत्राने दाखवून दिले. पक्षाघातानंतर हा मेळ बिघडतो. ज्या रुग्णांत तो अधिक बिघडतो, त्यांच्या हाताची दुर्बलताही अधिक असते, असे सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांना २०१० मध्ये आढळले. प्रकृती सुधारत जाते, तसा हा मेळ अनेक रुग्णांत पुन्हा जुळू लागतो.

या जुळणीला सरावाची साथ लागते. निकामी हाताऐवजी सतत चांगला हात वापरला, तर दुर्बल हाताचा वापर आणखी घटतो. यावर उपाय म्हणून चांगल्या हातावर मोजा चढवून दुर्बल हाताकडून कामे करून घेण्याची पद्धत विकसित झाली. अमेरिकेत २२२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. मनगट व बोटांची थोडी हालचाल शिल्लक असलेल्या या रुग्णांना दोन आठवड्यांच्या अशा उपचाराचा नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक लाभ झाला.

तथापि, घाई हितावह नाही. पहिल्या २४ तासांतच रुग्णाला वारंवार उठवून चालविल्यास परिणाम चांगला होण्याची शक्यता घटते, असे २०१५ मध्ये जाहीर झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसून आले. त्यामुळे व्यायामाचा आरंभ आणि प्रमाण तज्ज्ञांनी ठरविणे आवश्यक आहे.

सर्वाधिक सुधारणा साधारणपणे पहिल्या तीन महिन्यांत होते. त्यानंतर तिचा वेग मंदावतो, पण सुधारणा थांबतेच असे नाही. म्हणूनच, रुग्णाचे प्रत्येक काम मायेपोटी स्वतः करण्यापेक्षा, त्याला झेपेल तेवढे काम त्याच्याच दुर्बल हाताने करू देणे, हे कुटुंबीयांचे मोलाचे साहाय्य ठरते.