विसाचा हिशेब

सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांनी शहराभोवती अडुसष्ट लिंगे स्थापन केली अशी श्रद्धा आहे. हीच संख्या जुन्या पद्धतीने मोजणारा माणूस ‘तीन विसा नि आठ’ अशी सांगेल. लिंगे तेवढीच, बदलला तो गठ्ठा. दहाच्या गठ्ठ्यांत 6 आणि 8, विसाच्या गठ्ठ्यांत 3 आणि 8.

फ्रेंच भाषेत आजही ऐंशीला ‘चार वीस’ म्हणतात, आणि मध्य अमेरिकेतील माया लोकांनी तर विसाच्या स्थानांवरच अंकलेखन उभारले. आपल्याकडे अशी लिपी झाली नाही. म्हणून विसाची मोजणी ही अडाण्यांची सोय, असा समज रूढ झाला. मला तो मान्य नाही. धान्याची खंडी वीस मणांची, हे एकवेळ सुटे उदाहरण म्हणता येईल. जमिनीच्या मोजणीचे तसे नाही.

वीस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चाहूर. म्हणजे बिघा चारशे चौरस काठ्यांचा. कागदावर ‘बिघे 3, पांड 7, काठ्या 12’ असे लिहिले की ती विसाच्या स्थानांत मांडलेली एकच संख्या होते: 1200 अधिक 140 अधिक 12, एकूण 1352 काठ्या. हातचाही विसावरच येतो. एक बिघा 14 पांड 11 काठ्या या तुकड्यात दोन बिघे 9 पांड 15 काठ्या मिळवल्या, तर 26 काठ्यांतल्या सहा ठेवून एक पांड पुढे जातो. बेरीज येते 4 बिघे 4 पांड 6 काठ्या.

या पद्धतीचे गुण आणि अडचण दोन्ही वाटणीत दिसतात. विसाला 2, 4, 5 आणि 10 यांनी भाग जातो. त्यामुळे दोघे, चौघे वा पाच भाऊ असतील तर बिघ्याची वाटणी सरळ होते. तिघे असले की प्रत्येकाला 6 पांड 13 काठ्या आणि वर काठीचा तिसरा हिस्सा. चाहुराला मात्र ही अडचण नाही. त्याच्या 48,000 काठ्या विसाच्या स्थानांत 6-0-0-0 अशा उतरतात, आणि सहाला तिनाने भाग जातो. प्रत्येकाला 2-0-0-0, म्हणजे नेमके चाळीस बिघे. शंभराऐवजी एकशेवीस बिघे धरण्याचा हा फायदा उघड आहे.

सोलापूरला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यात 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पाहणी केली. पुढे या भागात एकर-गुंठे रुळले. चाळीस गुंठ्यांचा एकर आणि सोळा आण्यांचा गुंठा आला, तसा विसाचा हातचा मोडला. आज एखादे घराणे वतनाचा मोडी कागद वाचायला घेते, तेव्हा अक्षर लागले तरी अंक चकवतात. पांडांचे वा काठ्यांचे आकडे दहावर हातचा घेऊन मिळवले तर बेरीज फुगते आणि न्याय्य हिस्सा चुकतो. काठीची लांबीही गावोगाव वेगळी असे. म्हणून एकरात रूपांतर करण्याआधी ती पाहावी लागते.

कागद वाचणाऱ्याने आधी गठ्ठा ओळखावा, मग अंक. जमीन तेवढीच राहते. कोणाच्या वाट्याला किती, हे मात्र हातचा कुठे घेतला यावर ठरते.