शरणपूर ते मोम्बासा : नाशिकहून ‘मायदेशी’ गेलेले परदेशी

नाशिकचा शरणपूर रोड आज गजबजलेला आहे. ज्या वस्तीमुळे त्याला हे नाव पडले, ती शरणपूरची वस्ती चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात गावाबाहेर वसवली. धर्मांतरामुळे घर आणि जात दुरावलेल्या मराठी कुटुंबांना तेथे आसरा मिळे. याच वस्तीत आणखी एक समूह वाढला आणि पुढे तो नाशिकच्या स्मरणातून जवळजवळ पुसला गेला. हा समूह आफ्रिकी मुलांचा होता.

ही मुले नाशिकला पोहोचली ती गुलामांच्या व्यापारामुळे. पूर्व आफ्रिकेच्या अंतर्भागातून धरून आणलेली माणसे झांझिबारच्या बाजारात विकली जात आणि गलबतांतून अरबस्तान व इराणी आखाताकडे नेली जात. ब्रिटिश आरमार अशी गलबते पकडी. पण सुटका झालेल्या मुलांना परत कोठे पोहोचवायचे, याचे उत्तर आरमाराकडे नव्हते. गाव शेकडो मैल आत, आईबाप मेलेले किंवा विकले गेलेले. त्यांतील बरीच मुले मुंबई बंदरात उतरवली गेली आणि काही शरणपूरच्या आफ्रिकी आश्रमात आली. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी उभारलेल्या या संस्थेत वाचन-लेखनाबरोबर सुतारकाम आणि लोहारकामही शिकवले जाई. मुलांना बाप्तिस्म्याबरोबर नवी नावे मिळाली : विल्यम जोन्स, जॉर्ज डेव्हिड, इश्माएल सेमलर, जेकब वेनराइट. मूळ नावे बहुतेकांच्या बाबतीत कागदावर उरलीच नाहीत.

१८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन नाशिकला आला. आफ्रिकेतील आपल्या पुढच्या मोहिमेसाठी त्याला तेथील भाषा जाणणारे मदतनीस हवे होते. १८६६ मध्ये त्याच्या तांड्यात नाशिकची नऊ मुले होती. दैनंदिनीत लिव्हिंग्स्टनने त्यांच्याविषयी पुष्कळ कुरकुर केली आहे. ती वाचताना एक गोष्ट विसरू नये : तो तांडा ज्या मुलखातून चालला होता, तेथूनच ही मुले कधी काळी पळवली गेली होती.

त्याच दैनंदिनीतली एक नोंद मात्र सगळ्या तक्रारींना पुरून उरते. अब्राहम नावाच्या नाशिकच्या मुलाने वाटेतील गर्दीत आपला मामा ओळखला. त्याच्या पाठोपाठ त्याची आई आणि दोन बहिणीही विकल्या गेल्याचे त्याला तेथे कळले. मामाने राहण्याचा आग्रह केला, लिव्हिंग्स्टननेही सुचवले. पण जेथे आई नाही, बहीण नाही, तेथे राहायचे कशासाठी, असे म्हणून तो पुढे निघाला. गाव सापडले आणि घर सापडले नाही. ‘मायदेशी परतणे’ या शब्दांत किती गृहीत धरलेले असते, हे या एका प्रसंगाने जितके कळते तितके मिशनच्या कोणत्याही अहवालाने कळणार नाही.

१ मे १८७३ रोजी लिव्हिंग्स्टनचा मृत्यू झाला, तेव्हा जेकब वेनराइट तांड्यात होता. लिव्हिंग्स्टनचे हृदय एका झाडाखाली पुरले गेले. त्या वेळी प्रार्थना वेनराइटने वाचली आणि झाडावर अक्षरेही त्यानेच कोरली. नंतर चुमा, सुसी आणि इतर साथीदारांनी तो देह शेकडो मैल वाहून किनाऱ्यावर आणला. वेनराइट तो घेऊन इंग्लंडला गेला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतील अंत्यविधीत तो उपस्थित होता.

दरम्यान राजकारण बदलले होते. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर १८७३ मध्ये झांझिबारला वाटाघाटींसाठी गेले; त्याच वर्षी सुलतान बरघशने गुलामबाजार बंद करण्याचा तह मान्य केला. सुटलेल्या गुलामांसाठी आता आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच वसाहत हवी होती. ती उभारण्यासाठी सोसायटीने नाशिकच्या अनुभवी प्राइस यांनाच निवडले. मोम्बासा बेटासमोर, खाडीपलीकडे त्यांनी जमीन घेतली आणि तिला फ्रिअर टाउन असे नाव मिळाले. नाशिकच्या आफ्रिकींपैकी काही जण १८६४ पासूनच जवळच्या रबाई येथे काम करत होते. १८७५ च्या सुमारास आणखी लोक गेले आणि त्यांची संख्या दीडशेच्या आसपास झाली.

नारळाची झाडे, निळी खाडी, दमट खारा वारा आणि हिवताप : गोदाकाठच्या कोरड्या हवेत वाढलेल्या माणसांना हे सारे नवे होते. किनाऱ्यावरची स्वाहिली भाषा अनेकांना शिकावी लागली. त्यांना इंग्रजी आणि हिंदुस्थानी येत होती, पेहराव युरोपीय होता, हाती हुन्नर होता. किनाऱ्यावर त्यांची ओळख झाली ती ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणून. हिंदुस्थानात आफ्रिकी आणि आफ्रिकेत मुंबईचे! नव्याने सुटलेल्या गुलामांपेक्षा आपण वेगळे, असे त्यांना वाटे. गोऱ्या मिशनऱ्यांना मात्र ते बरोबरीचे वाटत नसत. पगार आणि अधिकार यांवरून खटके उडत राहिले. मिशनरी त्यांना गर्विष्ठ म्हणत. शिकलेल्या नोकराने योग्य वेतन मागितले की असा शब्द सहज वापरला जातो.

तरीही वसाहतीचे बरेचसे काम त्यांच्याच खांद्यावर होते. जोन्स आणि सेमलर यांना १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टनने धर्मोपदेशकाची दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारला गेला, तेव्हा उरलेला तांडा जोन्सने परत रबाईला आणला. रबाईत मालकांपासून पळालेले गुलाम आश्रयाला येत आणि जोन्स त्यांना राहू देई. मालक खवळले, सोसायटीही अडचणीत आली. अखेर इंपीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीने मालकांना भरपाई दिली आणि १ जानेवारी १८८९ रोजी सुमारे १,४०० जणांना मुक्ततेचे दाखले मिळाले.

फ्रिअर टाउन आज मोम्बासा शहराचाच भाग आहे. तेथे जुनी घंटा अजून उभी आहे; गुलामांची गलबते दिसली की ती वाजवून इशारा दिला जाई, असे सांगतात. स्वाहिलीत घंटेला ‘केंगेले’ म्हणतात, आणि त्या परिसराचे नावच ‘केंगेलेनी’ पडले आहे.