‘राखण’ आणि ‘राखीव’ : गिरणाकाठच्या एका भेदाचा इतिहास

‘राखणे’ या धातूपासून मराठीत ‘राखण’ व ‘राखीव’ असे दोन शब्द सिद्ध झाले आहेत. पहिला गावाचा, दुसरा सरकारचा. वन, वाळू व मासळी यांविषयीचे कायदे अमलात आणणाऱ्या अधिकाऱ्यांचा इतिहास हा बव्हंशी या दोन शब्दांमधील अंतराचा इतिहास होय. उत्तरेस गिरणा व दक्षिणेस सातमाळ्याचे डोंगर यांमध्ये वसलेल्या देवळा परिसरात हे अंतर स्पष्ट दिसते. १९९९ साली स्वतंत्र तालुका होण्यापूर्वी देवळा हे गाव कळवण तालुक्यात मोडत असे.

राखण म्हणजे उभ्या पिकाची वा खळ्याची पहारा ठेवून केलेली जपणूक. गावचा जागल्या गावाकडूनच धान्यरूपाने मोबदला घेई, आणि चोर बाहेरून येणार हे त्यात गृहीत असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या, अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ‘आज्ञापत्रा’तही हीच दृष्टी आढळते. आरमाराच्या लाकडासाठी रयतेच्या आंब्याफणसांस हात लावू नये, आणि झाड तोडणे भागच पडले तर धन्यास राजी करून मोल द्यावे, असा त्याचा आशय आहे.

इंग्रजी अमदानीत ही दृष्टी पालटली. मुंबई इलाख्यात १८४७ साली अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली, १८६४ साली हिंदुस्थान सरकारचे वनखाते स्थापन झाले आणि १८७८ च्या कायद्याने ‘राखीव जंगल’ हा वर्ग दृढ केला. ज्या रानात गुरे चरत व जळण मिळे, त्यात पाऊल टाकणारा ग्रामस्थच आता संशयित ठरला. १९२७ च्या कायद्याने वनाधिकाऱ्यास वॉरंटाशिवाय अटक करण्याचा, तसेच हत्यारे, गाड्या व गुरे जप्त करण्याचा अधिकार दिला. शिवाय वाद उद्भवल्यास वनोपज सरकारचीच समजावी, ती तशी नसल्याचे प्रतिपक्षाने सिद्ध करावे, असेही त्यात ठरविले.

या व्यवस्थेची झळ जोतीराव फुले यांनी १८८३ सालीच ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात मांडली होती. १९३० च्या जंगल सत्याग्रहात तिचा स्फोट झाला. बागलाण भाग त्यात अग्रेसर होता. गिरणेवरील चणकापूर येथे गोळीबार होऊन आदिवासी मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला कुलाबा जिल्ह्यातील चिरनेर येथे झालेल्या गोळीबारात ग्रामस्थांबरोबर खुद्द मामलेदारही ठार झाले. कायदा राबविणारा व ज्यावर तो राबविला गेला, असे दोघेही त्यात बळी पडले.

स्वातंत्र्यानंतर चित्र अधिक गुंतागुंतीचे झाले. गिरणेच्या पात्रातील वाळू हे गौण खनिज आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार तिच्या अनधिकृत उत्खननावर दंड आकारण्याचे व वाहने जप्त करण्याचे काम महसुली अधिकाऱ्यांकडे आहे. येथे अपराधी डोईवर मोळी वाहणारा नसून यंत्रे व वाहने बाळगणारा असतो, आणि रात्री त्याला अडविणारा तलाठीच पुष्कळदा दुर्बळ पक्ष ठरतो. समुद्रावरही असाच पालट दिसतो. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाचा एक हेतू यांत्रिक नौकांपासून पारंपरिक मच्छीमारांचे हित जपणे हा होता. पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घालणारा २०१६ चा आदेशही त्याच दिशेचा होय.

म्हणजे अधिकाऱ्याचे अधिकार पूर्वीसारखेच कडक असले, तरी ते कोणासाठी व कोणाविरुद्ध वापरले जातात यावर त्याची प्रतिष्ठा अवलंबून असते. १९९२ चे संयुक्त वनव्यवस्थापनाचे धोरण आणि वनसंरक्षणात ग्रामसभेस अधिकार देणारा २००६ चा वनहक्क कायदा यांनी ‘राखीव’ रानात ‘राखण’ पुन्हा आणण्याचा प्रयत्न केला आहे. तो कितपत फळला, हे वनरक्षक रानात शिरताना गावकरी त्याच्या बरोबर चालतात की त्याची चाहूल लागताच वाट बदलतात, यावरून कळेल.