उसातील साखरेचे विघटन

उसातील साखरेचे विघटन ही तोडणीनंतर उसाच्या कांड्यात वेगाने घडणारी रासायनिक अभिक्रिया आहे. तीत सुक्रोजचा, म्हणजे नेहमीच्या साखरेचा, पाण्याशी संयोग होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज या दोन निराळ्या शर्करा तयार होतात. लातूर आणि नांदेड या मराठवाड्यातील ऊस उत्पादक जिल्ह्यांत गाळप लांबल्यास या अभिक्रियेची झळ शेतकरी व कारखाना या दोघांनाही बसते.

स्वरूप

अभिक्रियेत ३४२ ग्रॅम सुक्रोज व १८ ग्रॅम पाण्यापासून प्रत्येकी १८० ग्रॅम ग्लुकोज व फ्रुक्टोज मिळते. एकूण वस्तुमान कायम राहते; बदलते ती अणूंची जोडणी. नव्या शर्करा गोड असल्या, तरी कारखान्यात त्यांचे स्फटिक बनत नाहीत. त्या मळीत जातात आणि आणखी काही सुक्रोजही मळीत अडकवून ठेवतात.

सुक्रोजचे द्रावण ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवते, तर तयार झालेले मिश्रण डावीकडे. या उलट परिणामावरून मिश्रणास ‘इन्व्हर्ट शुगर’ हे नाव मिळाले. जर्मन शास्त्रज्ञ लुडविग विल्हेल्मी यांनी १८५० मध्ये या बदलाच्या आधारे अभिक्रियेचा वेग मोजला. रासायनिक गतिकीतील हे आरंभीचे मोजमाप मानले जाते.

कारणे

उसातील इन्व्हर्टेज हे विकर, रसाची आम्लता व उष्णता यांमुळे विघटन वेगाने होते. ऊस तोडल्यावर नवी साखर तयार होणे थांबते, विघटन मात्र चालू राहते. उन्हात पडलेल्या उसाचे पाणी उडून वजनही घटते.

उपाय

तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळणे हा मुख्य उपाय होय. कारखान्यात आम्लधर्मी रसात चुन्याची निवळी मिसळून आम्लता नाहीशी करतात. गुऱ्हाळातही रसात बेताने चुना घालतात. विघटन जास्त झाल्यास गूळ मऊ पडतो व ओलावा धरतो.

आर्थिक परिणाम

उसाचा रास्त व किफायतशीर दर (एफआरपी) साखर उताऱ्याशी जोडलेला आहे. शिवाय वजन घटल्याने शेतकऱ्याचे थेट नुकसान होते. २०२१-२२ च्या हंगामात मराठवाड्यात ऊस शिल्लक राहिल्याने गाळप उन्हाळ्यात लांबले. तेव्हा राज्य शासनाने १ मे २०२२ नंतर गाळल्या जाणाऱ्या उसासाठी उतारा घटीपोटी टनामागे २०० रुपये अनुदान जाहीर केले.